पानांचा कोटा: एका शालेय शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं प्रकरण

एल्मायरा हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले जोएल डॉर्मन स्टील यांनी क्रमिक पुस्तकांची एक मालिका काढली होती आणि तिचं सूत्र नावातच होतं: चौदा आठवड्यांत रसायनशास्त्र, चौदा आठवड्यांत खगोल, चौदा आठवड्यांत भूशास्त्र. एका सत्रात जेवढं शिकवून होईल तेवढंच छापायचं. १८७२ मध्ये या मालिकेत मानवी शरीरशास्त्र आलं. बारा वर्षांनी तेच पुस्तक ‘हायजिनिक फिजिऑलॉजी’ या नव्या नावानं विकायला आलं. नावाखाली आता दोन गोष्टी जास्तीच्या छापलेल्या होत्या. मद्य आणि मादक द्रव्यं यांचा यात विशेष विचार केला आहे, ही एक. आणि मद्यनिषेधाच्या शिक्षणाविषयी नुकत्याच झालेल्या कायद्यांना धरून हे पुस्तक शाळांसाठी संपादित केलं आहे, ही दुसरी.

शीर्षकपानावरच कायद्याचा हवाला देणारं शरीरशास्त्र सहसा बघायला मिळत नाही. हाडं, स्नायू, त्वचा, श्वसन, रक्ताभिसरण, पचन, मज्जासंस्था, ज्ञानेंद्रियं हा क्रम कोणत्याही तशा पुस्तकात असतो तसाच इथे आहे. मधल्या काळात यकृत किंवा हृदय बदललं नव्हतं. बदललं होतं ते पुस्तक विकत घेणाऱ्यांवरचं बंधन. ते बंधन पुस्तकाच्या कुठल्या पानांत शिरलं, त्यानं काय बिघडवलं आणि काय शाबूत राहिलं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

कायदा कुठून आला

विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स (म्हणजे मद्यनिषेध) युनियन ही १८७४ मध्ये स्थापन झालेली स्त्रियांची मद्यविरोधी संघटना. तिच्यात शाळांचं काम बघणारा स्वतंत्र विभाग मेरी हंट यांच्या हाती होता. हंटबाई (१८३०–१९०६) मॅसेच्युसेट्समध्ये राहणाऱ्या, आणि आधी स्वतः शिक्षिका. त्यांचा हिशेब सरळ होता. बहुतेक राज्यांत बायकांना मत नाही, पण शाळेत जाणारं पोर वीस वर्षांनी मतदार होतं. तेव्हा दारूविरुद्धचा कायदा मागण्याआधी, दारूविषयी शिकवलंच पाहिजे असा कायदा मागायचा. आणि हे शिकवणं कीर्तनाच्या थाटाचं नको, शास्त्राच्या तासाला हवं, परीक्षेसह.

व्हर्माँटनं असा कायदा १८८२ मध्ये पहिल्यांदा केला. १८८३ मध्ये मिशिगन, १८८४ मध्ये न्यूयॉर्क. १८८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं राजधानी वॉशिंग्टन, संघराज्याच्या ताब्यातले प्रदेश आणि लष्करी अकादमी यांना तो लागू केला. विसावं शतक उजाडता उजाडता देशात असा कायदा नसलेलं राज्य उरलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला ते साल आणि स्टील यांच्या सुधारित पुस्तकाचं साल एकच आहे, हे ध्यानात घ्यावं. ए. एस. बार्न्स या प्रकाशनसंस्थेनं संधी ओळखली आणि ‘पाथफाइंडर’ नावाची तीन पायऱ्यांची मालिका उभी केली: लहानग्यांसाठी एक प्रायमर, मधल्या इयत्तांसाठी एक पुस्तक, आणि वरच्या वर्गांसाठी स्टील यांचं. युनियनची मान्यता या मालिकेला होती. कायद्यानं विषय सक्तीचा केला होता, पुस्तक कुठलं हे काही त्यात लिहिलेलं नव्हतं. ती पोकळी मान्यतेच्या शिक्क्यानं भरून काढली.

मान्यतेच्या अटी

१८८७ मध्ये हंटबाईंनी प्रकाशकांना उद्देशून अटींचं निवेदन काढलं. प्रकरणाचा गाभा तिथे आहे, कारण या अटी थेट पान मोजून लावता येण्यासारख्या होत्या.

खालच्या आणि मधल्या इयत्तांच्या पुस्तकात किमान चौथा हिस्सा जागा मद्य आणि मादक द्रव्यांना हवी. वरच्या वर्गाच्या पुस्तकात किमान वीस पानं हवीत. हा मजकूर परिशिष्टात किंवा शेवटच्या वेगळ्या प्रकरणात ढकललेला चालणार नाही. मद्य हे घातक आणि भुलवणारं विष आहे असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. फळांचा रस आंबला की तो अन्न न राहता विष होतो, आणि थोडी दारू स्वभावतःच आणखी दारूची तहान लावते, हेही आलं पाहिजे. औषध म्हणून मद्याच्या वापराचा उल्लेख नको.

या अटींचे दोन गट पडतात. जागा किती आणि ती कुठे, हा एक. निष्कर्ष काय, हा दुसरा. दुसरा गट वाचून आज कोणीही भुवया उंचावेल, पण पुस्तकाचं रूप पालटलं ते पहिल्यानं.

उदाहरण घ्या. लहान मुलांचं दीडशे पानांचं पुस्तक. चौथा हिस्सा म्हणजे ३७ पानांहून जास्त. उरलेल्या ११२ पानांत हाडं, दात, पोट, फुप्फुसं, कातडी, डोळे, कान, शिवाय प्रश्नावली. चित्रं धरली तर एकेका अवयवाला दहा-बारा पानं येतात आणि दारूला सदतीस. आता नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी दारूवर ३७ पानं लिहायची म्हणजे लेखकानं करायचं काय? सफरचंदाच्या रसाची सायडर कशी होते, बार्लीची बिअर कशी होते, ऊर्ध्वपातनाचं भांडं कसं चालतं, इतकं सांगूनही जागा उरते. मग ती भरायला तंबाखू, अफू, आणि प्रत्येक अवयवाच्या पाठाअखेर ‘याच्यावर दारूचा परिणाम’ असा एक तुकडा. मेंदूवर परिणाम होतो, ते सांगितलं. यकृतावर होतो, तेही सांगितलं. पण हाडांवर काय, स्नायूंवर काय, कातडीवर काय? त्या काळी याला भक्कम उत्तर नव्हतं आणि तुकडा तर भरायचाच होता. पुस्तकातली सगळ्यात ढिसाळ वाक्यं नेमकी तिथे सापडतात.

स्टील यांच्या पुस्तकाला वीस पानांची अट, म्हणजे काम त्या मानानं सोपं. तरी मांडणी बघण्यासारखी आहे. मद्याचा विषय एका जागी नाही. रक्ताभिसरणाच्या प्रकरणाला त्याचा पहिला भाग जोडलेला, पचनाला दुसरा, मज्जासंस्थेला तिसरा. तिथेच पुढे तंबाखू, अफू, क्लोरल हायड्रेट (झोपेचं औषध), क्लोरोफॉर्म, कोकेन. अध्यापनाच्या दृष्टीनं ही युक्ती हुशारीची होती. सत्र संपत आलं की कुठलाही मास्तर शेवटचं प्रकरण गाळतो, हे जगात सगळीकडे खरं आहे. हृदयाचा पाठ शिकवला की दारूचा पहिला हप्ता आपोआप शिकवला जातो. गाळायचा तर मधूनच पानं उलटावी लागतात, आणि ते वर्गाच्या लक्षात येतं.

एका शिपायाचं हृदय

आता मजकुराकडे. या पुस्तकांनी आकडे खोटे बनवले असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बहुतेक आकडे खऱ्या प्रयोगातले असतात. त्यांच्या बाजूची माहिती तेवढी गळालेली असते. या वर्गातल्या पुस्तकांत हमखास भेटणारा एक आकडा मुळापर्यंत नेऊन बघू.

आकडा असा: पाणी पिणाऱ्या माणसाचं हृदय दिवसाला १,०६,००० ठोके देतं, मद्य घेतल्यावर १,२७,०००, ब्रँडीवर १,३१,०००. म्हणजे दारू हृदयाकडून रोज एकवीस ते पंचवीस हजार ठोके फुकट काढून घेते.

उगम इंग्लंडमधला. नेटली इथल्या लष्करी वैद्यकीय शाळेतले एडमंड पार्क्स आणि काउंट वोलोविच यांनी १८७० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या लंडनच्या डॉक्टरांनी तो आपल्या मद्यावरच्या व्याख्यानांत घेतला. रिचर्डसन यांनी शाळांसाठी मद्यनिषेधाचं पाठ्यपुस्तकही लिहिलं (१८७८), आणि अमेरिकी चळवळीची सुरुवातीची भिस्त त्यावरच होती. आकडा अटलांटिक ओलांडून आला तो या वाटेनं.

वाटेत काय काय गळालं?

पहिलं, माणसांची संख्या. प्रयोग एकाच धडधाकट तरुण शिपायावर झाला होता.

दुसरं, मोजणी. चोवीस तास नाडी कोणी धरून बसलं नव्हतं. चौदा तासांत आठ वेळा नाडी बघायची आणि त्यावरून दिवसाचे ठोके काढायचे, अशी ती रीत. लाखाच्या घरातला आकडा मिनिटावर आणला की चित्र वेगळं दिसतं. १,०६,००० भागिले १,४४० म्हणजे मिनिटाला ७४. १,२७,००० म्हणजे ८८. १,३१,००० म्हणजे ९१. फरक आहे, आणि तो खराही आहे. मद्यानं नाडी वाढते हे आजही मान्य आहे. पण मिनिटाला चौदा ठोके जास्त हे वाचून मूल घाबरत नाही, दिवसाला एकवीस हजार वाचून घाबरतं. दोन्ही एकच गोष्ट.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मात्रा. शिपायाला मद्य चढत्या क्रमानं दिलं होतं. एक द्रव औंसापासून सुरुवात आणि शेवटच्या दिवसांत आठ औंस, तेही शुद्ध मद्यार्काचे. आठ औंस म्हणजे २२७ मिली, वजनानं सुमारे १८० ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या बाटलीच्या भाषेत सांगायचं तर ५३० मिली दारू, म्हणजे तीस मिलीचे सतरा-अठरा पेग, एका दिवसात. त्या मात्रेला नाडी मिनिटाला दहा-पंधरानं चढली तर नवल ते काय! पण पुस्तकात मात्रा नाही. तिथे नुसतं ‘मद्य’ आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बापाच्या जेवणातला बिअरचा पेला येतो.

याच आकड्याला आणखी एक शेपूट असे: हृदय दिवसभरात १२२ टन वजन एक फूट उचलण्याएवढं काम करतं आणि दारूमुळे त्यात टनांची भर पडते. हाही हिशेब करून बघता येतो. १२२ ब्रिटिश टन म्हणजे २,७३,२८० पौंड. ते एक फूट उचलायला साधारण ३,७०,००० ज्यूल लागतात. १,०६,००० ठोक्यांनी भागलं की दर ठोक्याला साडेतीन ज्यूल. प्रत्यक्षात विश्रांतीतल्या डाव्या जवनिकेचं (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचं) काम एका ठोक्याला एक ज्यूलच्या आसपास असतं (सुमारे ७० मिली रक्त, सरासरी ९०–९५ मिमी पाऱ्याच्या दाबाविरुद्ध). उजवी बाजू धरली तरी जुना आकडा तिपटीच्या घरात जास्त भरतो. ही मात्र त्या काळच्या मापनाची मर्यादा. तिचा दोष चळवळीला देता येणार नाही.

पेल्यातला पांढरा बलक

वर्गातला आवडता प्रयोग असा. काचेच्या पेल्यात एका अंड्याचा पांढरा बलक घ्यायचा, साधारण तीस मिली भरतो. त्यावर तेवढंच किंवा थोडं जास्त तीव्र स्पिरिट ओतायचं आणि काडीनं हलवायचं. क्षणात पांढऱ्या गाठी दिसू लागतात, थोड्या वेळानं सगळं शिजल्यासारखं घट्ट होतं. शिक्षक म्हणणार: मेंदूही अशाच द्रव्याचा आहे.

प्रयोग फसत नाही, म्हणून तर तो इतका लोकप्रिय झाला. प्रथिनाभोवतीचं पाणी मद्यार्क ओढून घेतो, प्रथिनाची घडी मोडते आणि रेणू एकमेकांना चिकटतात. रसायन बिनचूक आहे. चूक आहे ती तीव्रतेत. पेल्यात जातं नव्वद-पंचाण्णव टक्क्यांचं स्पिरिट. रक्तातलं मद्य ०.१ टक्का झालं की माणूस उघडउघड झिंगलेला असतो आणि ०.४ टक्क्याच्या पुढे जीव धोक्यात येतो. पेला आणि मेंदू यांच्यात शेकडो पटींचं अंतर आहे. गोठल्यामुळे मेंदू बिघडत असता तर कोणी झिंगून दुसऱ्या दिवशी उठलंच नसतं.

प्रयोग प्रामाणिक करायचा तर तीन पेले घ्यावेत. एकात तीव्र स्पिरिट, दुसऱ्यात बिअर, तिसऱ्यात नुसतं पाणी. बिअरच्या पेल्यात गाठी धरत नाहीत, फार तर गढूळपणा येतो. आणि जरासा गढूळपणा पाण्याच्या पेल्यातही येतो, कारण बलकातली काही प्रथिनं विरळ करताच खाली बसतात. तिसरा पेला नसेल तर बघणारा तो गढूळपणाही दारूच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. टेम्परन्सच्या धड्यात एकच पेला असे.

पोटाच्या अस्तराबाबत मात्र या प्रयोगात थोडं तथ्य आहे. उपाशीपोटी घेतलेलं ४० टक्क्यांचं मद्य थेट अस्तरावर पडतं आणि तिथे दाह होतो. प्रयोगाचा संबंध पोटाशी जोडला असता तर निम्मा तरी टिकला असता. पण मेंदूचं भय जास्त चालतं.

जे बरोबर होतं

यकृताचा सिरोसिस, हातांची थरथर, दारू सुटताना होणारा भ्रम, अफूचं व्यसन यांविषयीचं बरंचसं वर्णन त्या काळच्या वैद्यकाला धरून आहे. दारूनं अंगात ऊब येते हा समज खोडताना ही पुस्तकं सगळ्यात चांगली उतरली आहेत. कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम रक्त वर येतं, ऊब जाणवते, आणि त्याच वाटेनं शरीराची उष्णता बाहेर जाते. थंडीत दारू पिणारा आधी गारठतो. हे आजच्या पुस्तकातही जसंच्या तसं टिकेल.

तंबाखूची गंमत वेगळी. तिच्याविरुद्धचा निकाल काळानं पक्का केला, पण त्या वेळी दिलेली कारणं होती खुंटलेली वाढ, कमकुवत हृदय, अधू दृष्टी. फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध ठसठशीत पुराव्यानं पुढे आला तो १९५० मध्ये.

आणि पार्क्स. ज्यांच्या शिपायाचे ठोके तोडूनमोडून वापरले गेले, त्याच पार्क्स यांचा वायुवीजनाचा नियम एकोणिसाव्या शतकातल्या आरोग्यशास्त्राचा कणा होता. तो असा मांडतात: प्रौढ माणूस तासाला सुमारे ०.६ घनफूट कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा हजारांत ४ भाग (तेव्हाचं मोजमाप). खोलीत ६ भागांच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे मुभा दहा हजारांत दोन भागांची. ०.६ ला ०.०००२ नं भागा, उत्तर ३,००० घनफूट. माणशी तासाला एवढी ताजी हवा हवी. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली १,२०० घनफुटांची असते. एकटा माणूस असला तरी तिची हवा तासाला अडीचदा बदलली पाहिजे. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर १,२०,००० घनफूट. त्या काळच्या शाळेत हे कुठे जमणार?

या नियमामागचं स्पष्टीकरण पुढे चुकीचं ठरलं. कार्बन डायऑक्साइड ही नुसती खूण, खरं विष म्हणजे उच्छ्वासातलं कुजकं सेंद्रिय द्रव्य, असं मानत. जर्मनीत आरोग्यशास्त्रज्ञ फ्लुग्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ च्या सुमारास दाखवलं की कोंडलेल्या खोलीतली अस्वस्थता मुख्यतः उष्मा आणि दमटपणा यांमुळे येते. असं विष नव्हतंच. पण मात्रा, गृहीतकं आणि भागाकार सगळं उघड मांडलेलं असल्यामुळे कारण बदललं तरी आकडा तपासता आला, दुरुस्त करता आला आणि वापरातही राहिला. याच्या शेजारी ‘दिवसाला एकवीस हजार ठोके जास्त’ ठेवून पाहिलं की दोहोंतला फरक कळतो. तिथे तपासायला धागाच ठेवलेला नाही.

खोलीतला माणूस आणि पन्नासांची समिती

मान्यतेची ही व्यवस्था अडचणीत आली ती कनेटिकटमधल्या मिडलटाउन गावी. वेस्लियन विद्यापीठात विल्बर अॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल असा उष्मामापक बांधला होता: साधारण सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी बंद खोली, आत झोपायची आणि टेबलाची सोय, आणि आतल्या माणसाची उष्णता, उच्छ्वास, मलमूत्र सगळं मोजायची व्यवस्था. आतल्या माणसाला दिवसाला ७२ ग्रॅम मद्यार्क सहा वेळांत विभागून दिला गेला. त्यातला ९८ टक्क्यांहून जास्त शरीरात जळला आणि त्याची ऊर्जा पिष्ट किंवा चरबीच्या ऊर्जेच्या जागी वापरली गेली. ग्रॅमला सात किलोकॅलरी धरल्या तर ७२ ग्रॅमचे सुमारे ५००.

१८९९ मध्ये हे गाजलं. ‘मद्य हे अन्न नव्हे, विष आहे’ या वाक्यावर उभ्या असलेल्या पुस्तकांना ते झोंबणारच. अॅटवॉटर दारूचे वकील नव्हते. ऊर्जा मिळते म्हणजे ते प्यावं असं होत नाही, हे ते सांगत होते. पण दारूच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या निष्कर्षाचा अर्धाच भाग उचलला. टेम्परन्सवाल्यांनी शिपायाच्या ठोक्यांचं जे केलं तेच यांनी ७२ ग्रॅमचं केलं: मात्रा गाळली.

मद्यप्रश्नाच्या अभ्यासासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘पन्नासांच्या समिती’नं त्या प्रश्नाच्या शरीरशास्त्रीय बाजूचा दोन खंडी अहवाल १९०३ मध्ये काढला. जॉन शॉ बिलिंग्ज संपादक; शाळांतल्या शिकवणीची तपासणी हार्वर्डचे हेन्री बाउडिच आणि क्लार्क विद्यापीठाचे क्लिफ्टन हॉज यांची. मान्यताप्राप्त पुस्तकांवर त्यांचे ताशेरे कडक होते: मजकूर शास्त्राला सोडून आहे, आणि तेच तेच दर इयत्तेत घोकवल्यानं मुलं कंटाळतात. दुसऱ्या मुद्द्यावर शिक्षक आधीपासूनच कुरकुरत होते. न्यूयॉर्कनं १८९५ मध्ये कायदा आणखी कडक करून आठवड्याचे तासदेखील ठरवून दिले, तेव्हा ही कुरकुर उघड विरोधापर्यंत गेली होती.

हंटबाईंनी १९०४ मध्ये लेखी उत्तर दिलं. त्यातला एक युक्तिवाद आजही वजनदार आहे: शरीरात जळलं म्हणून एखादं द्रव्य अन्न ठरत नाही, अन्नानं अपाय होता कामा नये. व्याख्येपुरतं हे योग्य होतं. पण वाद व्याख्येचा नव्हता. ‘थोडीसुद्धा दारू विषच’ या दाव्यातल्या ‘थोडीसुद्धा’ला पुरावा कुठे आहे, असा प्रश्न होता आणि तो तसाच राहिला.

हंटबाई १९०६ मध्ये वारल्या. मान्यताप्राप्त पुस्तकांच्या मानधनातला वाटा त्यांच्या बोस्टनमधल्या संस्थेकडे जात असे, ही बाब त्यानंतर संघटनेला जड गेली, आणि युनियननं पुस्तकांना मान्यता देणं थांबवलं. हंटबाईंनी त्या पैशावर स्वतःची चैन केली असं म्हणायला आधार नाही. पैसा कामातच जात होता. पण परीक्षकाच्या संस्थेला परीक्षा दिलेल्या पुस्तकाच्या विक्रीतून वाटा मिळतो, एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

मराठी दुवा

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, म्हणजे नेमक्या या धामधुमीत. युनियननं १८८७ मध्ये त्यांना हिंदुस्थानसाठी आपल्या व्याख्यात्या नेमलं. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेवरच्या मराठी ग्रंथात या स्त्रीसंघटनेची माहिती कौतुकानं आलेली आहे. बायकांनी संघटित होऊन कायदे करून घेतले, हे त्यांना भावलं. मराठी वाचकाला त्या चळवळीची ओळख झाली ती या बाजूनं. पानांच्या कोट्याची बाजू अमेरिकी शिक्षकांपुरतीच राहिली.

प्रत हाती आली तर

असं पुस्तक स्कॅनच्या रूपात सहज मिळतं, कधी जुन्या बाजारात कापडी बांधणीची प्रतही. पहिल्यांदा शीर्षकपानाची मागची बाजू बघावी. तिथे कॉपीराइटची सालं ओळीनं दिलेली असतात आणि शेवटचं साल महत्त्वाचं. स्टील १८८६ मध्ये वारले, म्हणून १८८८ च्या वाढीव आवृत्तीत त्यांच्या नावावर जे छापलं आहे ते सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं नाही. प्रकाशक म्हणून अमेरिकन बुक कंपनी असेल तर ती छपाई १८९० किंवा त्यानंतरची. बार्न्सची क्रमिक पुस्तकं त्या साली या कंपनीत गेली. मादक द्रव्यांच्या यादीत कोकेन असेल तर तो मजकूर १८८४ अखेरीच्या आधीचा असणं अवघड, कारण डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरतेसाठी कोकेनचा वापर व्हिएन्नाहून जगभर गाजला तो त्या सप्टेंबरात.

मग अनुक्रमणिकेवरून मद्याची पानं मोजावीत. निव्वळ पानं मोजली तर चित्रांमुळे फसगत होते. ओळी मोजलेल्या बऱ्या. त्यानंतर प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं तीन खुणा: माणसं किती, मात्रा किती, तीव्रता किती. तिन्ही रिकाम्या राहिलेला आकडा बाजूला काढून त्याचा उगम शोधावा. बहुतेक वेळा तो रिचर्डसन यांच्या व्याख्यानांपाशी नाही तर त्यांच्याही मागे पार्क्स यांच्यापाशी जाऊन थांबतो.

कागदाची काळजी वेगळी. १८७० नंतरचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो. कडा तपकिरी होतात आणि दुमडलेला कोपरा चक्क तुटून हातात येतो. पुस्तक टेबलावर सपाट उघडलं की शिवण आणि कणा दोन्ही जातात. दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी ठेवून नव्वद-शंभर अंशांपर्यंतच उघडावं, चिकटपट्टी कुठेही लावू नये. आणि वरच्या पेन्सिलीच्या खुणा प्रतीवर नव्हे, झेरॉक्सवर कराव्यात.